गुलाब म्हणून आलेली बाटली

४ डिसेंबर

हुंगूबाईस,

आत्याकडून भरपूर आशीर्वाद, आणि आशीर्वादांच्या पाठोपाठ एक काम.

फोन का केला नाही, असं विचारू नकोस. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली. अजूनही फोन कानाला लावला की "कुठला नंबर हवाय?" हेच तोंडातून निघतं. पत्र बरं. मध्येच कोणी कट करत नाही.

तर काम असं. आमच्या वाचनालयाच्या मदतीसाठी फेब्रुवारीत विक्री भरणार आहे आणि माझ्या साबणांना पहिल्यांदाच स्वतंत्र टेबल मिळालंय. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "गुलाबाचा साबण असेल तर मी स्वतः डझनभर घेईन." मी तोंड भरून हो म्हटलं. बाजारातलं गुलाबाचं तेल आणलं तर त्याला फिनेलचा वास. आता तू सुगंधाच्या कारखान्यात नुसतं नाक चालवून पगार घेतेस, मग आत्याला एवढीशी बाटली नाही पाठवणार? लहानपणी दिसेल त्या वस्तूला नाक लावायचीस म्हणून 'हुंगू' हे नाव मीच ठेवलं होतं. त्या नावाचं काही देणं लागतेस की नाही?

दुसरी गोष्ट म्हणजे शेजारचे घड्याळवाले. दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून त्यांना कबुतरांचं वेड लागलंय. आमची गॅलरी एकच, मध्ये फक्त कमरेएवढा कठडा. सकाळी ते वाटीभर दाणे टाकतात. कबुतरं तिकडे जेवतात आणि हात धुवायला माझ्या बाजूला येतात म्हण! वाळत घातलेल्या साबणांवर काय काय पडतं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी बोलले तर म्हणतात, "मुकी जनावरं आहेत." अहो, मुकी आहेत, पण पोट साफ आहे ना त्यांचं!

बाटली लवकर पाठव. तब्येत कशी आहे? मागच्या पत्रात सर्दी म्हणाली होतीस.

आत्या


१२ डिसेंबर

आत्या,

बाटली सोबत पाठवली आहे. कापसात गुंडाळली आहे, जपून उघड.

आता नीट वाच. हा पातळ केलेला अत्तराचा प्रकार नाही, निव्वळ अर्क आहे. किलोभर साबणाला दोन-तीन छोटे चमचे पुरतात. हातमोजे घाल. खिडकी उघडी ठेव. बाटलीला थेट नाक लावू नकोस. नैसर्गिक असो की कारखान्यातलं, घट्ट असेल तेव्हा कुठलंही सुगंधी द्रव्य कातडीला आणि डोळ्यांना बोचतंच. लोकांना वाटतं फुलाचा वास म्हणजे निरुपद्रवी. फुलात ते कणभर असतं म्हणून.

मी स्वतः भरली आहे. छान गुलाब आहे.

तब्येत उत्तम. काम खूप आहे, म्हणून एवढंच.

तुझी,
हुंगू


२७ डिसेंबर

हुंगूबाई,

तुझ्या कारखान्यात गुलाब द्राक्षाच्या वेलीला लागतात का?

सगळं क्रमाने सांगते. बाटली आली ती आतून दगड झालेली. उलटी केली तरी ढिम्म. मला वाटलं, भाचीने खडीसाखर पाठवली. थंडीने गोठलं असेल असं म्हणून कोमट पाण्यात ठेवली, तर दहा मिनिटांत तुपासारखी विरघळली. इकडे मी तेल आणि कास्टिक सोडा एकत्र करून बसलेली. साबणाचा घोळ एकदा जमायला लागला की तो कोणासाठी थांबत नाही. झाकण उघडलं, आणि बाई गं! द्राक्षाची गोळी! शाळेच्या फाटकाबाहेर मिळायची ना, जांभळ्या कागदातली, तीच. गुलाबाचा मागमूस नाही. पण घोळ घट्ट होत चाललेला, करते काय? ओतली. घाईत दोन चमच्यांच्या जागी चार गेले. मग रागारागाने डोळा चोळला (हातमोजा होता, पण मोजा म्हणजे हातच ना) आणि डोळ्यातून अशी धार लागली की नळाखाली डोकं धरून उभी राहिले.

साबण झाला मधासारखा पिवळा. जिन्यापर्यंत वास. भांडी घासून उरलेलं फेसाचं पाणी फुकट कशाला घालवा म्हणून गॅलरीचा कठडा त्याने धुऊन काढला.

दुसऱ्या दिवसापासून कबुतरं गायब. एक नाही, हुंगू! येतात, कठड्यावर पाय टेकतात, मान झटकतात आणि मागे न बघता उडून जातात.

तिसऱ्या दिवशी दार वाजलं. घड्याळवाले.

"बाई, माझी कबुतरं कुठं आहेत?"

मी म्हटलं, "माझ्या कपाटात तर नाहीत. बघा हवं तर."

"तुम्ही विष घातलंत!"

"मी साबण घातलाय."

भांडण करायचं तर दारात कशाला, म्हणून आत बसवलं आणि चहा टाकायला गेले. टेबलावर बशीत साबणाचे कडेचे कापलेले चौकोनी तुकडे होते. पिवळे, चकचकीत, वर द्राक्षाचा वास. आता रागावलेल्या माणसाचा हात रिकामा राहत नाही. मी कप घेऊन आले तर घड्याळवाले ताठ बसलेले, गाल फुगलेला, डोळे विस्फारलेले. परक्या घरात थुंकायचं कसं, म्हणून बिचारे चावत होते! मी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "मिठाई... जरा जुनी आहे का?" आणि 'का' म्हणताना त्यांच्या तोंडातून एक बुडबुडा निघाला. चांगला लिंबाएवढा. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

मग मात्र माझं धाबं दणाणलं. तो साबण अजून मुरलेला नव्हता, कास्टिक ताजं. चूळ भरायला लावली, खूप पाणी, वर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, जीभ थोडी पोळली आहे, बाकी ठीक. "साबण का खाल्लात?" याला घड्याळवाल्यांनी "यांच्याकडे भांडायला गेलो होतो" असं उत्तर दिलं.

पण 'विष' हा शब्द ते मागे घेत नाहीत. इमारतीच्या समितीकडे तक्रार करणार म्हणतात. ताबडतोब कळव, तू मला नेमकं काय पाठवलंस? कबुतरं मेली तर नसतील ना? मला ती आवडत नाहीत, पण इतकी नाही.

आत्या


२ जानेवारी

आत्या,

आधी डोळा. पाण्याने धुतलास ते उत्तम केलंस. अजून लाली असेल तर डॉक्टरांना दाखव, मनाने थेंब घालू नकोस. उरलेला साबण बशीतून उचल आणि बंद डब्यात ठेवून त्यावर मोठ्या अक्षरात 'साबण' लिही. खाण्याचा वास असलेली न खाण्याची वस्तू हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना धोका आहे. लहान मुलांसाठी आम्ही तो गृहीत धरतो. घड्याळवाल्यांच्या वयाचा विचार कोणी केला नव्हता.

आता ते द्रव्य. त्याचं नाव मिथाइल अँथ्रानिलेट. नाव भीतिदायक आहे, स्वभाव नाही. काही जातींच्या द्राक्षांत, मोगऱ्यात आणि संत्र्याच्या फुलात ते आपोआप असतं. द्राक्षाच्या गोळ्या, सरबतं, च्युइंगम यांत ते घालतात, पण किती? चिमटीच्या चिमटीएवढं. तेवढं खाण्यात काही वावगं नाही. खोली जराशी गार झाली की ते गोठतं आणि ऊब मिळाली की वितळतं. काही सुगंधी द्रव्यांशी गाठ पडली की पिवळं-नारिंगी होतं, म्हणून पांढऱ्या साबणात ते सहसा कोणी घालत नाही.

आणि कबुतरं जिवंत आहेत. आपल्याला जो गोड वास वाटतो, तो पक्ष्यांना मिरचीची धुरी घेतल्यासारखा झोंबतो. वास म्हणून नव्हे, चटका म्हणून. चोचीत आणि डोळ्यांत चुरचुरतं, ते निघून जातात, आणि दूर गेल्यावर ठीक होतात. शेतातल्या आणि विमानतळांवरच्या पक्ष्यांना न मारता हाकलायला ते मुद्दाम वापरतात. काही दिवसांत हवेत विरून जाईल. हे घड्याळवाल्यांना वाचून दाखव.

बाटली बदलली त्याबद्दल माफ कर. कपाटात डब्यांची अदलाबदल झाली होती. जुने डबे, चिठ्ठ्या निघालेल्या. चूक कपाटाची.

हुंगू


१२ जानेवारी

हुंगूबाई,

तुझं पत्र वाचून दाखवलं. घड्याळवाल्यांनी दोनदा ऐकलं आणि 'विष' मागे घेतलं. समितीकडे तक्रार मात्र आधीच गेली होती. त्यामुळे समिती चौकशीला आली, सहा माणसं, चेहरे लांब. गॅलरीत उभे राहिले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग अध्यक्ष हळूच म्हणाले, "म्हणजे एकसुद्धा कबुतर येत नाही? खरंच?" आणि त्यांनी खिशातून पैसे काढून चार वड्या मागितल्या. आता अख्खी इमारत माझ्या दारात आहे. साबण म्हणून कोणी नेत नाही, कठड्याला फासायला नेतात. ग्रंथपाल बाईंनीही गुलाब विसरून दहा वड्या सांगितल्यात, वाचनालयाच्या खिडक्यांसाठी. मी प्रत्येक वडीवर चिठ्ठी डकवते: 'खाऊ नये. अनुभव आहे.'

जिंकले म्हणायचं, पण मजा येत नाही. सकाळी घड्याळवाले वाटी घेऊन उभे असतात. आभाळाकडे बघतात, दाणे परत बरणीत ओततात. परवा मी विचारलं, "जीभ कशी आहे?" तर म्हणाले, "जीभ बरी आहे. बोलायला कोणी नाही." मी आत येऊन उगीचच भांडी आवरली.

ते असो. आता तुझ्याकडे वळते.

कपाटाची चूक म्हणालीस. बाटलीवर 'गुलाब' हे अक्षर तुझं आहे. तू स्वतः भरलीस असं तूच लिहिलंस. जी पोर दुसऱ्या खोलीतून सांगायची की पाहुण्यांच्या पिशवीत पेरू आहेत आणि त्यातला एक किडका आहे, तिला जिना भरून टाकणारं द्राक्ष भरताना कळलं नाही?

मी तुझी जुनी पत्रं काढून बसले. प्रत्येक पत्रात काही ना काही वास असायचा. आज गोदामात लिंबू सांडलं, घरमालकीण कांदा करपवतेय, नव्या पुस्तकाची शाई कच्ची आहे. गेल्या तीन पत्रांत एकही वास नाही. "तब्येत उत्तम" तेवढं आहे. मी आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकले आहेत. "सगळं छान आहे" म्हणणाऱ्याच्या घरी काय चाललंय ते मला लाइन जोडतानाच कळायचं.

काय झालंय?

आत्या


२० जानेवारी

आत्या,

तुझं पत्र आल्यावर एक पत्र लिहिलं आणि फाडलं. हे दुसरं.

वास येत नाही. अजिबात. त्या सर्दीनंतर गेला तो गेलाच. आधी वाटलं, नाक चोंदलंय. नाक मोकळं झालं, श्वास झाला, पण वास नाही. घरी कोणीतरी सगळ्या खिडक्यांच्या काचा रंगवून टाकाव्यात, तसं वाटतं. परवा घरमालकिणीला नासलेल्या दुधाचा चहा पाजला. ती सभ्य बाई आहे, अर्धा प्यायली.

नोकरी कशी चालवते ते ऐकून हसशील. आमचे मुख्य परीक्षक, ज्यांना आम्ही पाठीमागे नाकाधीश म्हणतो, माझ्या समोर बसतात. द्रव्यात बुडवलेली कागदाची पट्टी हुंगायची, मत लिहायचं. मी पट्टी नाकाशी धरते आणि पट्टीवरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. भुवई चढली की मी लिहिते 'किंचित उग्र'. ओठ मुडपले की 'गोडवा कमी'. पुदिना, व्हिनेगर यांचं बरं असतं, ते झोंबतात म्हणून कळतात. मी म्हणजे तुझं कबुतर झाले आहे. चटका कळतो, वास कळत नाही.

डॉक्टरकडे गेले नाही, कारण कारखान्याचे डॉक्टर लगेच वर कळवतील. पुढच्या महिन्यात वार्षिक चाचणी आहे. प्रत्येकाला एकेकट्याने बसवून पट्ट्या ओळखायला लावतात. समोर भुवई नसेल.

आत्या, हे एकच मला येतं. ते गेलं तर मी कोण?

बाबांना सांगू नकोस.

हुंगू


२६ जानेवारी

बाळ,

मी हसले नाही.

तुझ्या बाबाला सांगणार नाही. माझा भाऊ आहे, पण पोटात ठेवणं त्याला जमत नाही.

उद्या सकाळी उठायचं आणि कारखान्याबाहेरच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. तिथून निघायचं आणि चाचणीच्या आधी, त्या भुवईसमोर जाऊन उभं राहायचं. नोकरी जाईल म्हणतेस. जाईना! माझ्याकडे एक खोली आहे, साबणाला मागणी आहे. पण मला काय पाठवलंस ते आठव. मी म्हातारी, डोळा धुतला, झालं. कारखान्यातून चुकीचा डबा गेला तर तो शाळेबाहेरच्या गोळ्यांत जाईल. तुझं नाक म्हणजे तिथला पहारेकरी. पहारेकरी आंधळा झाला तर लाज वाटायचं कारण नाही, पण डोळस असल्याचं नाटक करून दारात उभं राहायचं नाही.

'मी कोण' विचारतेस. माझी भाची. पुढचं डॉक्टरांना विचार.

आत्या


९ फेब्रुवारी

आत्या,

बस, मगच वाच.

डॉक्टरांकडे गेले. सर्दी-तापानंतर असं होतं म्हणाले. पुष्कळांचं परत येतं, हळूहळू, पण खात्री कोणी देऊ नये. रोज सकाळ-संध्याकाळ चार ओळखीचे वास हुंगायचे, येवोत न येवोत, आणि मन लावून आठवायचे. तालीमच म्हण.

तिथून सरळ नाकाधीशांच्या खोलीत. दार लावून घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं, की मला महिनोन् महिने वास येत नाही, मी तुमचा चेहरा बघून मत लिहिते.

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. आणि म्हणाले, "माझा चेहरा बघून?"

"हो सर."

"अरे देवा," ते म्हणाले. "मी तुझा बघत होतो."

आत्या, शपथ! वयामुळे त्यांचं नाक गेली दोन-तीन वर्षं विझत चाललं होतं. ते पट्टी धरायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी शरद ऋतूपर्यंत ठीक होते म्हणून त्यांचंही ठीक चाललं होतं. त्यानंतर मी त्यांची भुवई बघायची आणि ते माझे डोळे! "तुझे डोळे बारीक झाले की मी भुवई चढवायचो," म्हणाले. मी म्हटलं, "सर, तुमची भुवई चढली की मी डोळे बारीक करायचे." दोघंही इतके हसलो की बाहेरच्या टायपिस्ट बाई पाणी घेऊन आल्या. मग दोघांनाही एकदमच सुचलं, आणि हसू जागच्या जागी थांबलं: म्हणजे इतके दिवस मालावर सही कोणी केली?

त्याच दुपारी दोघं मिळून मालकांकडे गेलो. यंत्राची तपासणी स्वतंत्र होते म्हणून आकाशच कोसळलं असं नाही. पण आम्ही 'ठीक' म्हटलेला सगळा माल दुसऱ्या शाखेतल्या माणसांकडून पुन्हा हुंगवला. संत्र्याचा एक मोठा साठा खवट निघाला, नशीब की गोदामातच होता. मालक लालबुंद झाले, मग पांढरे, मग म्हणाले, "तुम्ही आपण होऊन आलात म्हणून." नाकाधीश सन्मानाने निवृत्त होताहेत. मला नाक परत येईपर्यंत लेबलांच्या आणि सुरक्षेच्या टेबलावर बसवलंय. कुठलं द्रव्य किती, कशात, डोळ्यात गेलं तर काय, हे सगळं सोप्या भाषेत लिहायचं. मालक म्हणाले, अनुभव आहे का? मी म्हटलं, एक शेजारी आहेत, त्यांनी साबण खाल्ला होता.

पगार कमी झाला. झोप मात्र लागते.

हुंगू


१ मार्च

हुंगूबाई,

तुमच्या त्या भुवईची गोष्ट मी घड्याळवाल्यांना सांगितली. म्हणाले, "दोन बंद घड्याळं एकमेकांवरून वेळ लावत होती." नंतर इतके हसले की कठड्याला धरून बसले.

विक्रीत सगळ्या वड्या गेल्या. शिवाय इमारतीची भानगड मिटली. कबुतरांना मुख्य फाटकामागच्या मोकळ्या जागेत, पाण्याच्या टाकीजवळ, जेवायला वाढायचं असं ठरलं. गॅलऱ्या साबणवाल्यांच्या, टाकी घड्याळवाल्यांची. पहिले काही दिवस एकही पाखरू खाली उतरेना. घड्याळवाले दाणे टाकून तोंड पाडून उभे. शेवटी मीच गेले सोबतीला, कारण एकट्या माणसाने रिकाम्या जमिनीकडे बघत उभं राहणं बरं दिसत नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी एक उतरलं. मग दुसरं. घड्याळवाल्यांनी माझा हात धरला आणि लगेच सोडून "माफ करा" म्हणाले. मी म्हटलं, "दाणे सांडताहेत, वाटी धरा."

रोज जाते आता. पाय मोकळे होतात. भुवया उंचावायच्या असतील तर खुशाल उंचाव.

तालीम चुकवू नकोस. काही आलं का?

आत्या


२२ एप्रिल

आत्या!

मुद्दाम इतके दिवस लिहिलं नाही, काही आलं नाही हे किती वेळा लिहायचं! सकाळ-संध्याकाळ त्या चार कुप्या हुंगायचे. जणू चार मुक्या पाहुण्यांशी गप्पा मारते आहे. कंटाळले होते, तुला खोटं सांगणार नाही.

काल संध्याकाळी कामावरून येत होते. आमच्या वळणावर रस्ता खणलाय, तिथे उघडं गटार आहे. डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. आणि एकदम काहीतरी आलं. नाकात नाही, आधी छातीत आल्यासारखं. मी थांबले. दोन पावलं मागे गेले. आत्या, घाण! कुजका, ओला, भयंकर वास! मी गटाराच्या कडेला वाकले आणि डोळे मिटून छातीभर श्वास घेतला. परत घेतला. आणि मग तिथेच उभी राहून रडायला लागले.

एक गृहस्थ धावत आले. "काय पडलं? अंगठी?" मी हुंदके देतच मान हलवली. त्यांनी बाह्या सरसावल्या. मागून भाजीवाली आली, "पाकीट असेल!" कोणीतरी काठी आणली. एक जण टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसला. बघता बघता आठ-दहा माणसं गटारात डोकावत होती, एकमेकांना सूचना देत होती आणि मधेमधे मला धीर देत होती, "मिळेल हो ताई, मिळेल."

शेवटी मी कसंबसं म्हटलं, "काही पडलं नाही. मला... मला वास येतोय!"

काठीवाले सरळ झाले, नाकावरचा रुमाल काढला आणि म्हणाले, "ताई, तो आम्हा सगळ्यांनाच येतोय!"

तुझी,
हुंगू